एपांडर राजाचे नाणे आणि माझी पिंपरी-चाकणची फेरी

प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने काहीतरी मोठे पाहिलेले असावे अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी बद्रीनाथ पाहिलेला नाही, समुद्रही पाहिलेला नाही. मी पिंपरीला गेलो, तिथून भोसरीला आणि तिथून चाकणला. त्यातला बराचसा वेळ खिशावर हात ठेवून घाबरण्यात गेला, आणि घाबरलेल्या माणसाला मुलूख नीट दिसत नाही. शिवाय मी परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. तरी वार्षिक अंकाच्या मित्रांनी गळ घातली आणि आमचे सर म्हणाले, "जसे झाले तसे लिही," म्हणून हे धाडस केले आहे. उणे-अधिक पदरात घ्यावे.

जाण्याचे कारण एक राजा होता.

सर आम्हाला प्राचीन इतिहास शिकवतात. एकदा वर्गात त्यांनी यवन राजांची हकिकत सांगितली. सिकंदर परत गेला, पण त्याच्या मागून ग्रीक लोकांनी काबूलपासून पंजाबापर्यंत बरीच वर्षे राज्य केले, आणि त्यांच्यात एपांडर नावाचा एक राजा होऊन गेला. इसवी सनाच्या आधीचे शतक धरा, असे सर म्हणाले. "त्याचा बाप कोण, माहीत नाही. राजधानी कुठे, माहीत नाही. लढाया जिंकला की हरला, कसा मेला, काही नाही. एका पोथीत नाव नाही, एका शिलालेखात नाही. आहे ते फक्त नाण्यांवर. नाणी सापडली नसती, तर हा माणूस जन्मलाच नव्हता असे म्हणायचे."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आमच्या घरातही आजोबांच्या मागचे नाव कुणाला सांगता येत नाही. आम्ही तर नाणीही पाडली नाहीत.

पिंपरीतल्या एका सिंधी कापडव्यापाऱ्याकडे एपांडरचे तांब्याचे चौकोनी नाणे आहे, असे सरांना कळले होते. त्यांनी फोटो मागवला, तो नुसता काळा डाग आला. नाणे टपालाने पाठवायला व्यापारी तयार नव्हता. सरांना दमा, प्रवास झेपत नाही. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे ठसे मिळाल्याशिवाय त्यावर काही लिहिता येत नव्हते. माझा चुलतभाऊ दत्तूदादा पिंपरीजवळ राहतो हे कळल्यावर त्यांनी मला मऊ मेणाची एक डबी दिली.

"दोन्ही बाजू, भानुदास. एकच बाजू आणलीस तर अर्धा राजा आणलास. आणि पुसायचे नाही, धुवायचे नाही. वरच्या हिरव्या थराला नखही लावायचे नाही. अक्षरे त्या थराच्या आधाराने उभी आहेत."

मी तीन वेळा मान हलवली.

पिंपरी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीने पिंपरीला उतरलो तेव्हा प्रथम जाणवला तो वास. औषधाच्या कारखान्याचा, काहीसा आंबलेला, काहीसा दवाखान्यासारखा. तेवढ्यात कुठेतरी भोंगा झाला आणि फाटकांमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडला. आमच्याकडे एवढी माणसे एकदम दिसली तर जत्रा तरी असते नाहीतर भांडण तरी. इथे ती नुसती घरी चालली होती.

दत्तूदादा स्टेशनवर आला होता. "आलास का भानू! आरं किती वाळलास. कालेजात जेवायला घालत न्हाईत का?" त्याने माझी पिशवी ओढून घेतली. दादा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लेटिंगच्या शॉपमध्ये काम करतो. लोखंडी-पितळी भाग ॲसिडात बुडवायचे, बफच्या चाकावर घासायचे आणि मग त्यांवर निकेल चढवायचे, हे त्याचे काम. त्याच्या बोटांची कातडी पिवळट झाली आहे, पण तो ती कौतुकाने दाखवतो.

त्याच दिवशी दुपारी मी पिंपरी कॅम्पात गेलो. फाळणीत सिंध सोडून आलेल्या लोकांची ही वस्ती. बराकींची घरे, त्यांना पुढून काढलेली दुकाने, आणि पाट्यांवर मला न वाचता येणारी लिपी. टेकचंदशेठांचे दुकान कटपीसचे. ते गादीवर बसून कापडाचे तुकडे घडी करत होते. मी सरांचे नाव सांगितले आणि उभाच राहिलो.

"बैठो, बैठो. आधी पाणी प्या," ते म्हणाले, आणि आतून एका बाईने पाण्याबरोबर भाजलेला पापड आणला. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ देतात. पापड जेवणाच्या ताटातला, तो आधीच आल्यामुळे हा खायचा की जेवण येईपर्यंत धरून ठेवायचा, हे मला कळेना. मी धरून बसलो. शेठ हसले. "खाओ भाई, तो काय सर्टिफिकेट आहे?"

नाणे त्यांच्याजवळ नव्हते, त्यांच्या आईजवळ होते. अम्मा आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांनी त्यांना जवळजवळ दिसत नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिले आणि सिंधीत काही विचारले. शेठांनी सांगितले, "विचारतात, आई आहे का तुला?"

"आहे," मी म्हणालो.

"मग इतका बारीक कसा, असं विचारतात."

अम्मांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत ते नाणे होते. शेठांचे आजोबा सिंधमधल्या शिकारपूरचे, काबूलकडे व्यापाराला जायचे. तिकडे कुठेतरी ते त्यांना मिळाले. घर सोडताना अम्मांनी काय काय मागे टाकले ते शेठ सांगत नाहीत, पण हे एवढे ओढणीला बांधले. तेव्हापासून त्या दिवसातून कितीदा तरी गाठीवरून ते चाचपतात. चार कोपरे, मधला उंचवटा. वरचा हिरवा थर बोटाला खरखरीत लागतो. ती उधरची मिट्टी आहे, असे त्या म्हणाल्या.

तिथेच ठसा घ्यावा असा माझा विचार होता, पण खोलीत अंधार होता आणि मेण गरम करायला शेगडी मागण्याचा मला संकोच वाटला. शेठांना दुसऱ्या दिवशीच्या चाकणच्या बाजारासाठी गाठोडी बांधायची होती. ते आईशी बोलले. अम्मांनी नाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी बोटे मिटवली.

"ले जाओ, परसों ले आना," शेठ म्हणाले. मी पावती लिहून देतो म्हणालो, तर त्यांनी हात झटकला. "अम्माने दिलं आहे, पुट. पुट म्हणजे मुलगा. मुलाकडून पावती घेतात काय?"

पावती घेतली असती तर मला बरे वाटले असते, असे आज वाटते.

दादाच्या खोलीवर आलो आणि उजेड असेतो कामाला लागलो. वहिनींनी स्टोव्ह दिला. मेण मऊ केले, नाण्यावर श्वाससुद्धा जपून सोडला, आणि एक बाजू दाबली. ठसा अगदी स्वच्छ उठला. त्यावर वशिंडाचा बैल होता! डोके किंचित खाली, वशिंड उंच, शेपटी लोंबती. भोवती खरोष्ठी लिपीतली अक्षरे होती. सरांनी ती या राजाच्या इतर नाण्यांवरून आधीच वहीत काढून दिली होती: महाराजस जयधरस एपद्रस. विजय धारण करणारा महाराज एपांडर. ग्रीक राजा आणि आपला बैल! मी वहिनींना हाक मारून दाखवला.

"अगं बाई, हा तर आपल्या गावाकडचाच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला पंखांची देवी आणि ग्रीक अक्षरे होती. तिच्यासाठी मेण पुन्हा मऊ करणार तोच दिवे गेले. सकाळी करू म्हटले. नाणे मी फळीवर ठेवत होतो तर वहिनी म्हणाल्या, "राजा ना तो, भावजी? मग मिठाच्या बरणीशेजारी कशाला? देवाजवळ ठेवा." नको म्हणायला जीभ वळली नाही. एवढेच म्हणालो की कुंकू लावू नका. "बरं बाई, कोरडाच ठेवते तुमचा राजा," त्या हसल्या.

भोसरी

सकाळी उठून पाहतो तो देव्हारा रिकामा. नाणेच काय, बाळकृष्ण नाही, अन्नपूर्णा नाही, घंटासुद्धा नाही.

"तुमच्या दादांनी नेले की," वहिनी भाकरी थापत म्हणाल्या. "शेजारच्या काकूंकडं सत्यनारायण आहे. त्यांचे देव, आपले देव, सगळे पॉलिशला नेलेत. आणि राजालाही नेलं हो. म्हणाले, हिरवा पडलाय बिचारा, भानूची कालेजात शान वाढंल."

इथली ही रीत मला माहीत नव्हती. आमच्याकडे देव चिंचेने घासतात. या चाळीत कुणाकडे कार्य निघाले की देव पिशवीत घालून दत्तूदादाकडे देतात. जेवणाच्या सुट्टीत किंवा काम सुरू व्हायच्या आधी तो ते शॉपमध्ये उजळून आणतो. त्याबद्दल कुणी काही देत नाही आणि तो मागत नाही. सगळ्या चाळीचे देव असे दादाच्या हाताखालून गेलेले आहेत. बाहेरच्या माणसाने नाण्याला हात लावताना निदान विचारले असते. दादाने विचारले नाही, कारण देव उजळायला कुणी विचारत नाही.

मी मेणाची डबी खिशात टाकली, चप्पल घातली आणि पळत सुटलो. भोसरीची बस मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय होते ते मला आठवत नाही. शेडची पत्र्याची छपरे, मधेच ज्वारीचे हिरवे शेत, आणि एका पुलाखाली काळे पाणी, एवढे आठवते. मी मनातल्या मनात सारखे म्हणत होतो, अजून ॲसिडाची पाळी आली नसेल. देव आधी घेतले असतील. राजा शेवटी असेल.

शॉपच्या दाराशी घसा जाळणारा वाफारा येत होता. आत चाके घरघरत होती. मी दादाच्या नावाने ओरडलो. एकजण म्हणाला, "दत्तू, तुझा कालेजवाला आलाय राव, कोण मेलं का बघ!"

दादा हसतच बाहेर आला. हातमोजा काढून त्याने तळहात पुढे केला. "बग!"

नाणे गुलाबी झाले होते. नव्या तांब्याच्या तारेसारखे. हिरवा थर पार गेला होता. देवीची बाजू बफच्या चाकाखाली सपाट झाली होती. एक पंख, नाहीतर हात असेल, तेवढा धुरकट दिसत होता. अक्षरांच्या जागी नुसती चमक होती. बैल उरला होता, पण त्याचेही वशिंड बसले होते.

"आता निकेलला टाकतो. मग चांदीवानी दिसंल."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की आतले चाक थांबले.

दादाचा चेहरा मला अजून दिसतो. मी त्याला कसेबसे सांगितले, ते नाणे कुणाचे, त्यावर काय होते, मी सरांना काय कबूल केले होते. दादाने नाणे उजेडात धरून उलटसुलट केले.

"आरं पण घाण होती ती, भानू," तो हळू म्हणाला. "घाणच होती ना?"

मग तो आत गेला, सुपरवायझरशी काही बोलला आणि डबा घेऊन बाहेर आला. "चल. कुठं हाय तुजा शेठ?"

"चाकणच्या बाजारात."

"मंग चाकणला चल. म्हातारीच्या कानावर जायच्या आत त्याला गाठू. मीच सांगतो. म्या केलंय, तू कशाला भ्यायलास?"

पण तोही घाबरला होता. बसमध्ये त्याने मला खिडकीची जागा दिली.

चाकण

मोशीपाशी इंद्रायणी ओलांडली की कारखाने संपतात आणि एकदम मुलूख उघडा होतो. एरवी मला हे फार आवडले असते. कांद्याची शेते, मधून मधून विहिरी, लांब डोंगरांची निळी ओळ. आमच्याकडे काळी सपाट जमीन, नजरेला काही अडत नाही. चाकणच्या जुन्या भुईकोटाचा बुरूज बसमधून दिसला. दादा म्हणाला, "किल्ला बघायचा का?" मी नको म्हणालो. त्यालाही बघायचा नव्हता.

बाजारात कांद्याच्या गोण्या छातीइतक्या रचलेल्या होत्या. कापडवाले कुठे बसतात हे शोधताना आम्ही चुकून बैलबाजारात शिरलो. शेकडो बैल, रंगवलेली शिंगे, घुंगरांचा आवाज. एका पांढऱ्या बैलापाशी माझे पाय थांबले. डोके किंचित खाली, वशिंड उंच. अगदी तोच! खिशातली मेणाची डबी मी घट्ट धरली. त्या राजाच्या पदरी जो कोणी साचा कोरणारा होता, तोही असाच कुठल्या बाजारात बैलासमोर उभा राहिला असेल, असे वाटले. घटकाभर मी सगळे विसरलो.

बैलाचा मालक माझ्याकडे पाहत होता. "पावनं, घ्यायचाय का निस्ता बघायचाय?"

"नुसता बघतोय."

"बघा की. बघायला पैकं न्हाई लागत. दात दावू का?"

"न्हाई, याला वशिंडच बघायचं हाय," दादा म्हणाला.

"आं? वशिंड बघून कोन बैल घेतंय? कुठनं आलं म्हनायचं हे?" आजूबाजूची माणसे हसली. दादाने मला दंडाला धरून बाहेर काढले.

टेकचंदशेठ एका ताडपत्रीखाली बसले होते. समोर दोन बायका परकराच्या कापडावरून हुज्जत घालत होत्या. मला पाहून ते म्हणाले, "अरे, परसों बोला था ना?" मी नाणे त्यांच्या हातात ठेवले.

त्यांनी ते पाहिले. उलटे केले. मग एका बाईसाठी कापड मोजून फाडून दिले, सुटे परत केले, दुसरीला "माई, रंग जाईल तर परत आण" असे सांगितले. हे सगळे होईपर्यंत नाणे त्यांच्या मुठीत होते. दादा पुढे झाला.

"शेठ, म्या केलं हे. ह्याचा काय दोष न्हाई. देवाबरुबर उजळाया नेलं. मला वाटलं चांगलं करतोय. तुमी म्हनाल ते भरून देतो."

"काय भरून देणार तुम्ही?" शेठ रागावले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हते. "किंमत नव्हती त्याची. मी एकदा पुण्यात दाखवलं होतं, दुकानदार बोलला, ऐसे बहुत आते हैं." मग त्यांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. "मिट्टी गई," ते म्हणाले.

मी म्हणालो, मी आत्ताच येतो, अम्मांच्या पाया पडतो, मीच सांगतो.

"नहीं. तू रो देगा, मग अम्मा भी रोएगी. मी बघतो. आता परसोंपर्यंत थांबू नको, आज रात्रीच्याच गाडीने निघ. जा."

"त्या ओळखतील का?"

नाणे त्यांनी रुमालात बांधून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले. आम्हाला चहा पाजल्याशिवाय मात्र सोडले नाही.

परत

सरांच्या टेबलावर मी डबी ठेवली आणि सगळे सांगितले. सरांनी भिंग काढून बैल पुष्कळ वेळ पाहिला. एक एक अक्षर बोटाने मोजले. मला वाटले, आता बोलतील. ते म्हणाले, "बैलाची बाजू उत्तम आली आहे." बस, एवढेच. पुढे त्यांनी त्या नाण्यावर टिपण लिहिले. देवीच्या बाजूसमोर 'उपलब्ध नाही' असे दोन शब्द लिहिले, आणि का उपलब्ध नाही हे लिहिले नाही. मी कच्चा मसुदा उतरवून काढत होतो म्हणून मला माहीत.

पण माझे मन सरांच्या टिपणात नव्हते. ती खाट, ती ओढणीची गाठ डोळ्यांपुढून हलत नव्हती. दिसत नसलेल्या माणसाला गुलाबी-हिरव्याचे काय, असे मी स्वतःला समजावायचो, आणि लगेच आठवायचे की त्यांना दिसायचे ते बोटांनीच. शेठांना पत्र लिहायला तीनदा बसलो. 'अम्मांना कळले का' याच्यापुढे लेखणी जात नव्हती, आणि हे एवढेच लिहून पाठवणे बरे दिसत नव्हते. परीक्षा आली, गेली.

उन्हाळ्यात दत्तूदादा एका लग्नासाठी गावी आला. मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देण्याआधीच विचारले, "अम्मांना कळलं?"

"कळलं की. हातात घेतल्याबरुबर." दादा ओट्यावर टेकला. "म्हनली, हे कुनाचं? शेठनं मंग सारं सांगितलं. दोन रोज म्हातारी कुनाशी बोलली न्हाई म्हनं. मला ऱ्हावंना. सुट्टीच्या दिवशी गेलो, पाया पडलो, शेठला म्हनलं, सांगा तिला, मीच तो."

"मग?"

"तिनं माजा हात धरला. ही बोटं हाय न्हवं का, ॲसिडानं खाल्लेली, ती चाचपली एक एक. मंग काय तरी म्हनली. मला वाटलं शिव्या देती. शेठ म्हनला, पापड खा म्हनती."

"आणि नाणं? गाठीत आहे?"

"न्हाई," दादा म्हणाला. "त्यांच्या दाराम्होरं डब्यात पुदिना लावलाय, त्याच्या मातीत पुरलंय. सोताच्या हातानं पुरलं तिनं. रोज सकाळी चाचपडत येती आन् पानी घालती. शेठनं इचारलं, अम्मा, आता काढू का? तर म्हनली, राहू दे. हिरवं व्हायला येळ लागतो. ते होईस्तोवर मी कुटं जात न्हाई."